यमुनेच्या पाण्याची साक्ष माशांच्या यकृतात

नवी दिल्ली : वझिराबाद ते ओखला हा यमुनेचा टप्पा अवघा 22 किलोमीटरचा, नदीच्या एकूण लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी, तरी तिच्या प्रदूषणाचा बहुतांश भार येथेच पडतो. मत्स्यजीवनासाठी पाण्यात प्रतिलिटर किमान 4 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष. या टप्प्यात ते प्रमाण अनेकदा शून्याच्या आसपास असते. मात्र असे मोजमाप नमुना घेतल्या क्षणापुरतेच असते. आधीच्या दिवसांत माशाने काय सोसले, ते त्याच्या कल्ल्यांत आणि यकृतात नोंदलेले असते.

श्वसनात वापरल्या जाणाऱ्या प्राणवायूचा अल्प अंश पेशीत सुपरऑक्साइड या उपद्रवी रूपात उरतो. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी 1969 मध्ये त्याचे हे कार्य उघड केले. पुढे कॅटलेज हे विकर पेरॉक्साइडचे पाणी व प्राणवायू करते. जखमेवर हे द्रव्य ओतताच उठणारा फेस त्याचाच. ग्लुटाथायोन पेरॉक्साइडेज हेही त्याच कामी येते.

सांडपाण्यातील तांबे, कीटकनाशके यांमुळे ही साखळी अपुरी पडते. लोह व तांब्याच्या सान्निध्यात पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलक तयार होते आणि त्याला आवरणारे विकर शरीरात नाही. माशांच्या पेशीपटलांत असंतृप्त मेद विपुल असतो. माशाला पौष्टिक ठरवणारा हाच मेद सर्वांत आधी बिघडतो.

दिल्लीच्या जामिया हमदर्दमधील संशोधकांनी यमुनेतील वॉलागो अट्टू या मिशाळ माशावर असा तौलनिक अभ्यास करून 2003 मध्ये तो प्रसिद्ध केला. अशा निष्कर्षांचे वाचन मात्र जपून करावे लागते. ताण मध्यम असता विकरे वाढतात, तो तीव्र वा दीर्घ झाला की तीच खालावतात. त्यामुळे कमी आकडा निरोगी माशाचा असू शकतो, तसाच खचलेल्या माशाचाही. म्हणूनच विकरांसोबत मेदाची हानीही मोजतात. मासा जिवंत आहे, एवढ्यावर तर मुळीच विसंबता येत नाही. हवा गिळून जगणारा मागूर प्राणवायूहीन पाण्यातही तग धरतो.

तुलनेसाठी त्याच जातीचा, त्याच हंगामातला आणि साधारण तेवढ्याच आकाराचा मासा स्वच्छ प्रवाहातून घ्यावा लागतो. दिल्लीपुरते पाहता यमुना शहरात शिरते ते वरच्या अंगाचे पल्ला गाव त्यासाठी सोयीचे आहे.