मोरीचे पाणी उसाला, तेजाबाचे पाणी वेगळे



हुपरी म्हटले की आधी पैंजण आठवतात. थोरला भाऊ उसाला पाणी पाजतोय आणि धाकटा घरात चांदी झाळतोय, असे घर या भागात नवे नाही. त्यामुळे इथले सांडपाणीही दोन जातीचे आहे. ही दोन पाणी एका गटारात मिसळली की घोटाळा होतो.

मोरीचे पाणी म्हणजे साबण, खरकटे, थोडे तेल. ही घाण खाऊन टाकणारे जीवाणू निसर्गातच असतात. चार-पाच फूट खोल तळ्यात हे पाणी दोन-तीन आठवडे उन्हात ठेवले, की शेवाळ प्राणवायू सोडते, त्यावर जीवाणू जगतात आणि घाण फस्त करतात. वीज लागत नाही. जागा मात्र लागते, आणि गावालगतचे उसाचे रान तळ्यासाठी कोण सोडणार, हा प्रश्न खराच आहे.

घरापुरता शोषखड्डा चालतो. पण काळ्या चिकट रानात तो लवकर तुंबतो. तिथे परसात उथळ चर काढून कर्दळ, अळू, केळी लावा. चराआधी एक लहान टाकी करून तेल-खरकटे त्यात अडवा आणि आठवड्याला काढा. संडासाचे पाणी यात सोडू नका. विहिरीपासून हे सगळे किमान पन्नास फूट लांब हवे.

आता तेजाब. चांदी शुद्ध करताना नत्राम्ल आणि उजळताना गंधकाम्ल वापरतात. चांदीतले तांबे त्यात उतरते आणि पाणी निळसर-हिरवे होते. हे पाणी तळ्यात गेले की कामाचे जीवाणूच मरतात. म्हणजे गावाने खर्च करून तळे बांधावे आणि चार बादल्या तेजाबाने ते बंद पाडावे! रानात गेले तर तांबे मातीत साठते, मुळ्या आखूड राहतात.

चांदी काढून घेतल्यावर उरलेले तेजाबाचे पाणी प्लास्टिकच्या पिंपात साठवावे. उघड्यावर, रबरी हातमोजे घालून, कालवलेला चुना त्यात थोडा थोडा टाकावा. तांबडा लिटमस कागद निळा झाला की थांबावे. रात्रीत तांब्याचा निळा गाळ तळाशी बसतो. तो शेतात किंवा उकिरड्यावर टाकू नये. त्यात चांदीचा अंशही असू शकतो, म्हणून धातू काढणाऱ्याकडेच द्यावा. झारेकरी दुकानातली माती उगाच झाडून नेत नाहीत.

मुलाम्याचे सायनाईडचे पाणी मात्र या पिंपात कधीही ओतू नका. तेजाबाशी गाठ पडली की जीवघेणा वायू सुटतो. त्याची विल्हेवाट घरी लावायचीच नाही, जाणकारांकडेच सोपवावी.

“गटाराच्या पाण्यावर ऊस जोमाने येतो,” असे ऐकणारे सांगतात. खरे आहे, त्यात नत्र असते. पण तोडणीच्या तोंडावर नत्र मिळत राहिले की ऊस लोळतो आणि साखर उतरते. शेवटच्या महिन्यांत साधे पाणी द्यावे. कोथिंबीर, मेथी, मुळा यांना गटाराचे पाणी नकोच. शेजारच्या इचलकरंजीत 2012 साली दूषित पाण्याने काविळीची मोठी साथ आली होती, ती आपण सर्वांनी पाहिली आहे.

लिटमस कागद प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. एक पुडी बरेच दिवस पुरते, फक्त ओल्या हाताने धरू नये.