टीम घरोघरी बसलीय? मग निरोप असा द्या!



'वर्क फ्रॉम होम' म्हटलं की आपल्याला पुण्यातल्या आयटी कंपन्या आठवतात. पण आपली कोल्हापुरी चप्पल कित्येक पिढ्या अशीच तयार होतेय. चामडं कापणारा एकीकडे, वेणी घालणाऱ्या बायका आपापल्या घरी आणि विक्री चप्पल लाईनीत. 2019 मध्ये या चपलेला जीआय मानांकन मिळालं, तेही 8 जिल्ह्यांना मिळून: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर.

तुम्ही मसाले करा, कपडे शिवून घ्या नाहीतर ऑनलाईन विका. सुरुवातीला ऑफिसचं भाडं परवडत नाही, त्यामुळे तुमचीही टीम घरोघरीच असणार.

एका छताखाली काम चाललं असेल तर चूक लगेच दिसते. लांबून काम करताना ती माल हातात आल्यावरच कळते. आणि चामडं एकदा कापलं की परत जोडता येत नाही! जो माणूस जोडावर मजुरी घेतो, त्याचा अख्खा दिवस त्यात वाया जातो.

म्हणून एकच नियम लक्षात ठेवा: निरोप वाचून समोरच्याला, तुम्हाला परत न विचारता, काम सुरू करता आलं पाहिजे.

1. निरोप पूर्ण द्या

"मावशी, मागच्यासारखेच 40 जोड लवकर द्या." आता 'मागच्यासारखे' म्हणजे कुठले? 'लवकर' म्हणजे कधी? त्याऐवजी असं लिहा:

"मावशी, कापशी चप्पल, 40 जोड. 7 नंबर 15, 8 नंबर 15, 9 नंबर 10. रंग आणि वेणी फोटोत आहे तशीच. शुक्रवारी संध्याकाळी 5 वाजता दादा न्यायला येतील."

काय, किती, कसं, कधी आणि कोण. पाचही गोष्टी आल्या का, ते बघूनच पाठवा.

2. निळी टिक म्हणजे होकार नव्हे

निळी टिक आली म्हणजे मेसेज उघडला, एवढंच. "कुठल्या मापाचे किती जोड, ते मला परत सांगा" असं प्रेमानं विचारा. अर्धा मिनिट जातो, पण घोळ आधीच सापडतो.

3. फोन कधी, मेसेज कधी?

काम अडलंय किंवा गैरसमज झालाय, तर सरळ फोन करा. माप, दर, तारीख मात्र लिहूनच द्या. फोनवर काही ठरलं तर लगेच दोन ओळी टाका: "आत्ता ठरलं ते असं..." कुणाला वाचायला जड जात असेल तर अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज आणि सोबत फोटो द्या. चार मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमधून आकडा शोधणं म्हणजे लई डोकेदुखी!

4. कामाचा ग्रुप वेगळा ठेवा

गुड मॉर्निंग आणि वाढदिवसाच्या गर्दीत ऑर्डर हरवते. चालू ऑर्डर ग्रुपमध्ये पिन करा. बदल झाला तर जुन्या मेसेजवर रिप्लाय देऊन "बदल: 9 नंबरचे 10 नाही, 12. एकूण 42 जोड" असं स्पष्ट लिहा. जुना मेसेज गुपचूप डिलीट करू नका. कुणीतरी तो आधीच वहीत उतरवलेला असतो.

5. बोलायची वेळ ठरवा

रोज सकाळी 10 वाजता पाच मिनिटं, प्रत्येकाला दोनच प्रश्न: काल किती झालं? आज कुठं अडलंय? मग दिवसभर "झालं का? झालं का?" करायची गरज नाही. घरी काम करणाऱ्या बाईला स्वयंपाक, मुलं, पाणी सगळं बघायचं असतं. सारखा फोन वाजला तर हात थांबतो.

आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी टीमला सांगून टाका: निरोप माझा अपुरा असेल तर नुकसान माझं, मजुरी कापणार नाही. असं सांगितलं की लोक न घाबरता विचारतात, "साहेब, माप लिहायचं राहिलंय बघा." तो एक प्रश्न 40 जोड वाचवतो.

आज एवढंच करा: तुम्ही पाठवलेले शेवटचे तीन कामाचे मेसेज उघडा आणि त्यात पाचही गोष्टी आहेत का, ते तपासा. जे राहिलंय, ते आत्ताच पाठवून द्या.