रूटला आज्ञा का सापडत नाही?

लिनक्सच्या यंत्रावर एसयू ही आज्ञा देऊन, परवलीचा शब्द बिनचूक टंकून, रूटचा अखत्यार रीतसर हाती घेतल्यानंतर यूजरमॉड, ॲडयूजर किंवा रीबूट यांसारखी नित्याची आज्ञा द्यावी आणि पडद्यावर ‘कमांड नॉट फाउंड’ असे उत्तर उमटावे, हा अनुभव डेबियन वापरणाऱ्या पुष्कळांना येतो. त्यावर हमखास काढला जाणारा निष्कर्ष असा, की ज्या अर्थी साक्षात रूटलाही ती आज्ञा सापडत नाही, त्या अर्थी ती या यंत्रावर नाहीच. हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. आणि तो इतक्या वेळा व इतक्या ठामपणे ऐकावा लागतो, की त्याचे खंडन सविस्तरच केले पाहिजे.

अधिकार आणि शोध या दोन भिन्न गोष्टींची गल्लत हे या गैरसमजाचे मूळ होय. प्रोग्राम चालविण्याची मुभा आहे की नाही, याचा निवाडा कर्नेल करतो. परंतु तो प्रोग्राम डिस्कवर कोठे आहे हे शोधण्याचे काम शेलकडे असते, आणि शेल सबंध डिस्क धुंडाळीत नाही. पाथ नावाच्या यादीत ज्या डिरेक्टरी क्रमाने नोंदलेल्या असतात तेवढ्याच तो पाहतो, आणि तेथे काही न मिळाल्यास १२७ हा संकेतांक देऊन थांबतो. फाइल सापडूनही ती चालविण्यास मज्जाव झाला असता, तर उत्तर ‘परमिशन डिनाइड’ असे आले असते आणि संकेतांक १२६ असता. नवा मामलेदार पूर्ण अधिकारानिशी रुजू झाला, पण त्याच्या मेजावर कारकुनाचीच अपुरी दप्तरयादी राहिली, तर त्याचा हुद्दा कितीही मोठा असला तरी यादीत नसलेला कागद त्याच्या हाती लागणार नाही. रूटचे नेमके तसेच होते.

डेबियनमध्ये सामान्य वापरकर्त्याच्या पाथमध्ये /यूएसआर/बिन आणि /बिन असतात. व्यवस्थापनाच्या आज्ञा ज्या /यूएसआर/एसबिन आणि /एसबिन येथे ठेवण्याचा प्रघात आहे, त्या डिरेक्टरी नसतात. डेबियन ९ पर्यंत नुसत्या एसयूनेही रूटचा पाथ लागू होई. जुलै २०१९ मध्ये आलेल्या डेबियन १० पासून एसयू हा प्रोग्राम शॅडोऐवजी यूटिल-लिनक्स या संचातून घेतला जाऊ लागला, आणि तो आडव्या रेघेवाचून दिल्यास आधीच्या वापरकर्त्याचाच पाथ पुढे चालू ठेवतो. ज्यांना संशय असेल त्यांनी डेबियन १० ची प्रकाशन-टिपणे उघडून पाहावीत. हा बदल तेथे स्पष्ट नमूद आहे.

यास्तव उपाय सोपा: एसयू, मग एक मोकळी जागा, मग आडवी रेघ. त्यायोगे लॉगिन शेल सुरू होतो, /ईटीसी/प्रोफाइल वाचले जाते, रूटचा स्वतःचा पाथ लागू होतो, आणि चालू डिरेक्टरीही /रूट ही होते. एवढे सांगूनही लोक पॅकेज काढून पुन्हा बसवितात, एसबिनमधील फाइली बिनमध्ये नकलून ठेवतात, सरसकट ७७७ परवानगी देतात! हे सारे उपचार चुकीच्या निदानावर बेतलेले आहेत, आणि शेवटचा तर यंत्राची सुरक्षितताच मोडून काढणारा आहे. रूटच्या पाथमध्ये चालू डिरेक्टरीचा बिंदू घालण्याचा सल्लाही तितकाच घातक, कारण त्यामुळे कोणीही मुद्दाम ठेवलेली बनावट फाइल रूटच्या अधिकाराने चालू शकते.

आता किरकोळ गैरसमज.

‘सुडोने आज्ञा चालते, म्हणजे एसयू बिघडला आहे.’ नाही, सुडोअर्स या फाइलीतील सिक्युअर_पाथ सुडोला एसबिनसह स्वतंत्र यादी पुरवितो.

‘सुडो चालत नाही, म्हणजे डेबियन अर्धवट बसले.’ स्थापनेच्या वेळी रूटचा परवलीचा शब्द ठरविल्यास सुडोची व्यवस्था इन्स्टॉलर करून देत नाही.

‘सुडो सीडी चालत नाही, कारण अधिकार कमी पडतो.’ सीडी हे शेलचेच अंगभूत कार्य आहे. सुडोला चालविता येईल असा स्वतंत्र प्रोग्राम सहसा नसतोच.

‘आयएफकॉन्फिग न सापडणे हाही पाथचाच दोष.’ येथे मात्र आज्ञा खरोखरच नसण्याचा संभव आहे: २०१७ च्या डेबियन ९ पासून नव्या स्थापनेत ही आज्ञा पुरविणारे नेट-टूल्स हे पॅकेज आपोआप येत नाही, आणि त्याचे काम आयपी ही आज्ञा करते.

म्हणून तपासाचा क्रम पक्का असावा. प्रथम एको $पाथ देऊन यादीत एसबिन आहे का ते पाहावे. नसल्यास /यूएसआर/एसबिन/यूजरमॉड असा पूर्ण मार्ग लिहून आज्ञा द्यावी. आणि फाइल तेथेही नसेल, तरच पॅकेज बसविण्याचा विचार करावा.