ठाणे-बेलापूर रस्त्याची पूर्व बाजू

शहराची अमुक बाजू चांगली आणि तमुक बाजू वाईट, ही समजूत नव्याने आलेल्या माणसाला घर शोधताना सगळ्यात आधी ऐकवली जाते. जुन्या शहरांत अशा समजुतींचे मूळ शोधणे कठीण असते. नवी मुंबईत ते तुलनेने सोपे आहे, कारण हे शहर १९७० नंतर आराखडा काढून वसवले गेले आणि कोणती जमीन कोणी, कशासाठी घेतली हे तेथे कागदोपत्री तपासता येते. या शहराच्या उत्तर भागात ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्याला समांतर जाणारा लोहमार्ग यांच्या पश्चिमेस, खाडीच्या अंगाला, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी ही सेक्टरांत आखलेली उपनगरे आहेत. पूर्वेस, पारसिकच्या डोंगररांगेपर्यंत, कारखान्यांचा पट्टा आहे आणि त्यातील मोकळ्या राहिलेल्या जागांवर यादवनगर, चिंचपाडा, हनुमाननगर, तुर्भे स्टोअर, इंदिरानगर यांसारख्या वस्त्या वाढल्या आहेत. ‘एमआयडीसीच्या बाजूला’ एवढे दोन शब्द उच्चारले की घरमालकाचे, बँकेचे आणि सोयरिकीसाठी आलेल्या पाहुण्यांचे मत बऱ्याचदा तेवढ्यावरच ठरते.

शहराची पूर्व बाजू गरीब आणि बदनाम का होते, याचे एक स्पष्टीकरण वाऱ्याच्या दिशेत सापडते. स्टेफान हेब्लिख, ॲलेक्स ट्रू आणि यानोस झिलबरबर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या औद्योगिक शहरांमधल्या सुमारे ५,००० धुराड्यांच्या जागा जुन्या नकाशांवरून निश्चित केल्या आणि त्यांचा धूर कोठे साचत असे याचा हिशेब मांडला. तेथे पश्चिमेचे वारे कोळशाचा धूर पूर्वेकडे लोटत असल्यामुळे ज्यांना परवडत होते ते पश्चिमेस सरकले, ज्यांना परवडत नव्हते ते पूर्वेस राहिले, आणि १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर धूर ओसरला तरी ही विभागणी बरीचशी तशीच राहिली. मूळ कारण नाहीसे झाल्यावरही विभागणी टिकते, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

नवी मुंबईला हे स्पष्टीकरण जसेच्या तसे लागू पडत नाही. येथे दिवसा खाडीकडून येणारा वारा कारखान्यांचा धूर डोंगराकडे नेतो हे खरे. परंतु हिवाळ्यात रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागला की तोच धूर आणि रसायनांचा उग्र दर्प पश्चिमेकडील सेक्टरांत उतरतो, आणि कोपरखैरणे-वाशी परिसरातील रहिवाशांच्या रात्रीच्या दुर्गंधीबाबतच्या तक्रारी जुन्याच आहेत. हवा दोन्ही बाजूंची बिघडते, नाव मात्र एकाच बाजूचे बिघडते. म्हणजे या बदनामीचे मूळ वाऱ्यापेक्षा अन्यत्र, जमिनीच्या मालकीत, शोधावे लागते.

१९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे एमआयडीसीने, साठच्या दशकात या रस्त्याच्या कडेला औद्योगिक वसाहत आखली आणि तेथे रासायनिक कारखाने उभे राहिले. चार्ल्स कोरिआ, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली ती १९६५ च्या सुमारास, आणि ती अमलात आणण्यासाठी शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सिडको, अस्तित्वात आले ते मार्च १९७० मध्ये. सिडकोसाठी ९५ गावांची जमीन अधिसूचित झाली. पण कारखान्यांचा पट्टा एमआयडीसीकडेच राहिला आणि त्याचे नियोजनही तिच्याच अखत्यारीत राहिले. अशा रीतीने, एकाही झोपडीला बदनाम म्हटले जाण्याआधीच, दोन महामंडळांच्या अधिकाराची हद्द आखली गेली होती.

या हद्दीचे परिणाम दूरगामी ठरले. एमआयडीसीचे काम कारखान्यांना भूखंड, पाणी आणि रस्ते देण्याचे; त्या कारखान्यांतील कंत्राटी मजूर, हमाल आणि डोंगरातील दगडखाणींवर खडी फोडणारी कुटुंबे कोठे राहतील, हा प्रश्न तिच्या कामात बसत नव्हता. सिडकोने अल्प उत्पन्न गटासाठी घरे बांधली, तरी ती घेण्यासाठी आरंभीची रक्कम, नियमित हप्ता आणि त्यासाठी ठरावीक पगार लागत असे, आणि नाक्यावर रोज काम शोधणाऱ्याकडे यांतले काहीच नव्हते. रस्ता ओलांडला की काम आणि कामाला लागून मोकळी जमीन, अशी स्थिती असल्यामुळे वस्ती तेथेच झाली. १९९२ मध्ये नवी मुंबई महानगरपालिका स्थापन झाल्यावर जमीन एका संस्थेची आणि नागरी सुविधांची जबाबदारी दुसरीची, असा पेच उभा राहिला, ज्यात नळ, गटार, शौचालय यांसाठी रहिवाशाला दोन कार्यालयांत खेटे घालावे लागतात.

कामगार तेच आणि ऐपतही जवळपास तीच असूनही केवळ हक्काच्या कागदाने काय फरक पडतो, हे रस्त्याच्या पश्चिमेस दिसते. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या योजनेत सिडकोने कोपरखैरणे, ऐरोली अशा ठिकाणी लहान भूखंड आखून, त्यांना पाणी व मलनिस्सारणाची जोडणी देऊन, घर बांधण्याचे काम घेणाऱ्यावर सोपवले. ही घरे पुढे मजल्यांवर मजले चढून दाटीची झाली, गल्ल्या अरुंद आहेत, पार्किंगवरून भांडणे होतात. तरीही त्यांचा पत्ता ‘सेक्टर’ असा सांगितला जातो आणि त्यांच्यावर कर्ज मिळते. याउलट पूर्वेच्या पट्ट्यातील दिघ्यात एमआयडीसी आणि सिडकोच्या जमिनींवर विनापरवाना उभ्या राहिलेल्या पक्क्या इमारतींचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, २०१५ मध्ये ९९ इमारतींवर कारवाईची तलवार आली आणि आयुष्यभराची पुंजी घालून घर घेतलेली कुटुंबे अडचणीत आली. भिंती पक्क्या असल्या तरी मालकी कच्ची असली की वस्तीचे नाव कच्चेच राहते.

पश्चिमेसही हक्काच्या कागदाची ही रेषा पूर्ण पुसलेली नाही. आगरी-कोळी समाजाची मूळ गावे सेक्टरांच्या मधोमध आहेत. जमिनी गेल्यानंतर प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना जानेवारी १९८४ च्या रक्तरंजित आंदोलनानंतर आली आणि तिची अंमलबजावणी वर्षानुवर्षे रेंगाळली. दरम्यान वाढत्या कुटुंबांनी गावठाणात आणि त्याभोवती बांधलेल्या इमारतींवर ‘अनधिकृत’ असा शिक्का बसला. ‘सिडकोचे घर की गावठाणातले?’ हा भाडेकरूचा प्रश्न वरवर किमतीचा असला तरी, ज्यांच्या जमिनीवर शहर उभे राहिले त्यांनाच तो शहराच्या खालच्या पायरीवर बसवतो.

एकदा नाव बिघडले की ते स्वतःच कारण बनते. समाजशास्त्रज्ञ लोईक वाकाँ यांनी याला प्रादेशिक कलंक असे म्हटले आहे: व्यक्तीची जात, वर्ग किंवा वंश यांना चिकटणारा डाग तिच्या पत्त्यालाही चिकटतो. गावकुसाबाहेरच्या वस्तीचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन राउडेनबुश यांनी शिकागोतील रस्त्यांचे चित्रीकरण करून प्रत्यक्ष कचरा, मोडतोड आणि गैरवर्तन यांची मोजणी केली व ती रहिवाशांच्या मतांशी ताडून पाहिली, तेव्हा २००४ मध्ये त्यांनी असे दाखवले की परिसर बेशिस्त वाटण्याचा संबंध प्रत्यक्ष बेशिस्तीपेक्षा तेथे कोणत्या वंशाचे आणि वर्गाचे लोक राहतात याच्याशी अधिक आहे. भारतात कर्ज आणि क्रेडिट कार्डाच्या व्यवसायात ‘निगेटिव्ह एरिया’ हा शब्द प्रचलित आहे. अशा भागातील अर्जदाराचा पगार कितीही नियमित असला तरी पत्त्यामुळे त्याचा अर्ज मागे पडतो, कर्जाअभावी घर दुरुस्त होत नाही, आणि न दुरुस्त झालेले घर पाहून मूळचे मत आणखी पक्के होते. नको असलेल्या गोष्टी ठेवण्यासाठीही अशीच बाजू निवडली जाते: कोपरखैरण्यातील जुन्या कचराभूमीवर आज निसर्ग उद्यान आहे, तर शहराची कचराभूमी आता तुर्भ्यात, पूर्वेच्या पट्ट्यात आहे.

पूर्व बाजू मुळातच वाईट नाही, याचा पुरावा त्याच बाजूला उभा आहे. महापे आणि घणसोली-ऐरोलीच्या पूर्वेकडील औद्योगिक जमिनींवर गेल्या दोन-अडीच दशकांत माहिती-तंत्रज्ञानाची संकुले उभी राहिली आणि त्यांचा पत्ता सांगताना कोणी संकोचत नाही, कारण तेथील भाडेपट्टा निःसंदिग्ध आहे, रस्ता रुंद आहे आणि पाणी नियमित आहे. वस्त्यांजवळचे दिघा गाव रेल्वे स्थानक मात्र जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले, म्हणजे ठाण्याहून या मार्गावरील प्रवासी गाड्या धावू लागल्यानंतर जवळपास वीस वर्षांनी. संकुलांना जे मिळाले ते वस्त्यांना मिळाले तर त्यांचेही नाव सुधारेल; परंतु नाव सुधारताच जमिनीची किंमत वाढते, आणि हक्काचा कागद हाती नसलेल्या रहिवाशाला त्या वाढीचा लाभ न होता उलट तेथून उठावे लागण्याचा धोका असतो. म्हणून सुशोभीकरण आधी आणि मालकीचा निर्णय नंतर, हा क्रम येथे चालणारा नाही. जमीन कोणाची आणि नळ-गटाराची जबाबदारी कोणाची, हे दोन निर्णय आधी झाले तरच सुधारलेल्या नावाचा लाभ आज बदनामी सोसणाऱ्यांना होईल.