क्रिसच्या पात्याची अंघोळ
जावातली क्रिस ही कट्यार नागमोडी असते, तशी सरळ पात्याचीही असते. लोखंड आणि निकेलयुक्त धातूचे थर एकत्र ठोकून पात्यावर नक्षी उठवतात. तिला ‘पामोर’ म्हणतात. सुरो, म्हणजे मोहरमच्या महिन्यात पातं नारळपाण्यात भिजवून लिंबू आणि रिठ्याच्याच जातीच्या फळाने घासतात. गंज जाऊन ते पांढरंफटक झालं, की सोमलाचं खनिज घातलेला लिंबाचा रस हलक्या हाताने लावायचा. लोखंड काळवंडतं, निकेल चंदेरीच राहतं आणि बुजलेली नक्षी डोळ्यांदेखत वर येते. शेवटी सुगंधी तेलाचा हात. सोमल जहरी, तेव्हा स्वयंपाकाच्या ओट्यावर हा उद्योग नकोच. शिवाय हात चुकला तर पातं डागाळतं आणि पुन्हा लिंबापासून सुरुवात!