पदकांमागील आयुष्ये – लेखांक सहावा : निजामाच्या फौजेतला परमवीर

गेल्या लेखांकापर्यंत आपण पदकांचा मानक्रम, त्यांच्या फितींचे रंग आणि ती छातीवर धारण करण्याचा शिरस्ता यांचा विचार केला. आता एका पदकामागील आयुष्याकडे वळावयाचे आहे, आणि ते निवडताना आदिलाबादच्या वाचकाचा ज्याच्यावर काही हक्क पोहोचतो असाच पुरुष मी बुद्ध्या निवडला आहे. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर हे १९६५ च्या युद्धातील परमवीर चक्राचे मानकरी होत, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु ज्या सरकारचा अंमल १९४८ पर्यंत आपल्या आजापणजांवर होता, आणि ज्या सरकारच्या जिल्हाबंदीत राजुरा व किनवट हे मराठी मुलूख आदिलाबादशी एका दप्तरात नांदत होते, त्याच हैदराबाद सरकारच्या फौजेत या सेनानीने प्रथम तलवार बांधली, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात सहसा कोणी बोलत नाही.

तारापोरांचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ चा, मुंबईचा. त्यांचा मूळ पुरुष शिवछत्रपतींच्या चाकरीत होता, त्याला शंभर गावांची मनसब मिळाली आणि त्यांतील तारापूर या गावावरून कुळाचे नाव पडले, अशी त्या पारशी घराण्याची परंपरागत कथा आहे. पुढे आजोबा निजामाच्या नोकरीत हैदराबादेस गेले; वडीलही, फारसी व उर्दूचे चांगले जाणकार असल्यामुळे, त्याच दरबारी रुजू झाले. मुलाला मात्र शिक्षणासाठी पुण्यास, सरदार दस्तूर शाळेच्या वसतिगृहात ठेवण्यात आले. तेथून १९४० साली मॅट्रिक होऊन हा तरुण परत निजामाच्या इलाख्यात आला आणि १९४२ च्या आरंभी हैदराबादच्या सातव्या पायदळ पलटणीत अधिकारी झाला.

पायदळात त्याचे मन रमत नव्हते. ओढा होता चिलखती फौजेकडे. तो मार्ग ज्या प्रसंगाने मोकळा झाला तो सविस्तर सांगण्याजोगा आहे. हातबाँब फेकण्याची कवायत चालू असता एका नवशिक्या शिपायाचा हात कचरला आणि पिन काढलेला बाँब पलीकडे न जाता खंदकातच पडला. अशा वेळी माणसाच्या हाती फार तर दोन-तीन क्षण असतात, आणि बहुतेकांचे ते क्षण पळून जाण्याचा विचार करण्यातच संपतात. तारापोरांनी झेप घेतली, बाँब उचलला व बाहेर भिरकावला; तो फुटला, आणि त्याच्या कपच्या त्यांच्या छातीत घुसल्या. हैदराबादचे सरसेनापती मेजर जनरल एल एद्रूस यांनी हा प्रकार स्वतः पाहिला होता. जखमा भरल्यावर त्यांनी या तरुणाला शाबासकीसाठी बोलावून घेतले, तेव्हा त्याने बक्षीस म्हणून काय मागावे? रिसाल्यात बदली! ती मंजूर झाली आणि तारापोर हैदराबाद इम्पीरियल सर्व्हिस लान्सर्समध्ये दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धात त्याच रिसाल्याबरोबर त्यांनी पश्चिम आशियात सेवा केली. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातील तीन अश्वदळी सैनिकांपैकी एक या हैदराबादी लान्सर्सचा आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो. तिकडे गेल्यास त्याच्याजवळ क्षणभर थांबावे.

सप्टेंबर १९४८ मध्ये ही फौज शरण आली. शरणागती लिहून देणारे होते तेच एल एद्रूस, आणि ती स्वीकारणारे होते मेजर जनरल जयंतोनाथ चौधरी. निजामाची लष्करी व्यवस्था बरखास्त झाली; परंतु तिच्यातील गुणी अधिकारी भारतीय सेनेत सामावून घेण्याचे शहाणपण सरकारने दाखविले, आणि १९५१ साली तारापोर पूना हॉर्समध्ये आले. इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाशी केलेल्या १८१७ च्या तहान्वये उभारलेली ही तुकडी. पुण्यात शिकलेला मुलगा अशा रीतीने पुण्याच्याच नावाच्या रिसाल्यात पोहोचला. इंग्लंडात सेंच्युरियन रणगाड्यांचे शिक्षण घेऊन ते परतले आणि यथाकाल त्याच रिसाल्याचे प्रमुख झाले.

११ सप्टेंबर १९६५ रोजी सियालकोट आघाडीवर फिलोरा जिंकून चविंड्याचा मार्ग मोकळा करण्याची कामगिरी पूना हॉर्सवर आली. वझीरवालीच्या बाजूने शत्रूच्या रणगाड्यांचा प्रचंड प्रतिहल्ला झाला. तारापोरांनी जागा सोडली नाही, उलट तोफा व रणगाडे यांच्या अखंड माऱ्यात फिलोरावरच चाल केली. जखमी झाले, माघारी जाण्याची सूचना झाली, ती त्यांनी नाकारली. १४ तारखेस वझीरवाली आणि १६ तारखेस जस्सोराँ व बुतुर-डोग्रांडी अशी ठाणी त्यांच्या नेतृत्वाखाली हाती आली. त्यांच्या स्वतःच्या रणगाड्यावर कितीदा तरी गोळे आदळले, तरीही चविंड्यावर पिछाडीकडून चढाई करणाऱ्या पायदळाला आधार देत ते तेथेच ठाण मांडून राहिले, आणि त्याच दिवशी त्यांना वीरमरण आले. त्या लढाईत रिसाल्याने शत्रूचे सुमारे साठ रणगाडे नष्ट केले. स्वतःचे गमावले अवघे नऊ. मरणोत्तर परमवीर चक्राच्या प्रशस्तिपत्रात हे आकडे नोंदलेले आहेत. त्या समयी भारताचे सेनाप्रमुख होते जनरल चौधरी, म्हणजे सतरा वर्षांपूर्वी ज्यांच्यापुढे हैदराबादी फौजेने शस्त्रे ठेवली तेच!

प्रशस्तिपत्राच्या शासकीय भाषेत न मावणारी एक गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. लढाईच्या धामधुमीतच तारापोरांनी एका सहकारी अधिकाऱ्याला निरवानिरव सांगून ठेवली होती: आपण पडलो तर दहन रणभूमीवरच व्हावे, प्रार्थनेचे पुस्तक आईकडे, गळ्यातील सोन्याची साखळी पत्नीकडे, बोटातील अंगठी मुलीकडे आणि हातातील कडे व फौंटनपेन मुलाकडे द्यावे. दहन रणभूमीवर झाले. राष्ट्राने दिलेले कांस्यपदक, चार वज्रांचे आणि जांभळ्या फितीचे, त्यानंतर त्या घरी पोहोचले. त्याआधीची ही वाटणी त्या पुरुषाने स्वतः केलेली होती, आणि माझ्या मते त्याची ओळख पदकाइतकीच तिच्यातूनही पटते.

आपल्याकडे हैदराबादची फौज म्हटली की रझाकारांची आठवण होते, आणि ज्यांच्या घरांनी तो जुलूम सोसला त्यांच्या मनातील कडवटपणा मी कधीही खोटा म्हणणार नाही. परंतु रझाकार ही कासीम रझवीच्या हुकमतीतील खाजगी टोळी होती आणि राज्याची शिस्तबद्ध फौज निराळी होती, हा विवेक इतिहास वाचणाऱ्याने केलाच पाहिजे. तो न केल्यामुळेच तारापोर आपल्याला परके वाटत आले. २०२३ साली अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव देण्यात आले. पैनगंगेच्या या तीरावर मात्र ते नाव अजून फारसे कोणाच्या ओठी नाही. १७ सप्टेंबरला आपण हैदराबाद संस्थानाच्या मुक्तीचे स्मरण करतो. त्याच्या आदल्या दिवशी तारापोरांची पुण्यतिथी असते. जिल्ह्यातील मराठी शाळांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की त्या दिवशीच्या प्रार्थनेनंतर त्यांनी हे चरित्र मुलांना पाच मिनिटे तरी सांगावे.