श्वानासाठी घरगुती खाऊ

माणसाला जे गुणकारी, ते कुत्र्यालाही मानवतेच असे नाही. घरोघरी औषधी मानला जाणारा लसूण, आणि त्याच जातीचा कांदा, कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. शिजवून वा वाळवूनही हा दोष जात नाही. द्राक्षे व मनुका यांनी त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्याचे कारण टार्टारिक आम्ल असावे, असे अमेरिकेतील पशुवैद्यांनी २०२१ साली मांडले. हे आम्ल चिंचेतही विपुल असते. म्हणून तीही वर्ज्यच समजावी.

मग खाऊ करावा तरी कशाचा? दोन वाट्या नाचणीच्या पिठात वाटीभर उकडून कुस्करलेला लाल भोपळा व चमचाभर बारीक चिरलेली कोथिंबीर घालून घट्ट मळावे. मीठ, गूळ, मसाला यांपैकी काहीही घालू नये. पीठ जाडसर थापून लहान तुकडे कापावेत आणि तव्यावर मंद आचेने कडक होईपर्यंत भाजावेत. भोपळ्यातील चोथ्यामुळे कोठा साफ राहण्यास मदत होते. तथापि दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाहून अधिक खाऊ देऊ नये. आणि कुत्रे आजारी पडल्यास खाऊवर विसंबून न राहता पशुवैद्यालाच दाखवावे.